मात्रा, माप आणि मर्यादा : पशुवैद्यकीय पदविका स्तरावरील औषधशास्त्राच्या मांडणीची चिकित्सा
(हातकणंगले परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
पशुवैद्यकीय साहाय्यक घडविणाऱ्या पदविका स्तरावर औषधशास्त्र हा विषय बहुधा 'रोग, औषध, मात्रा' अशा तीन रकान्यांच्या यादीच्या रूपात शिकविला जातो. ही मांडणी परीक्षेस सोयीची असली तरी पदविकाधारकाला प्रत्यक्षात जे काम करावे लागते त्याच्याशी ती जुळत नाही. कायद्याने त्याला औषध ठरविण्याचा नव्हे, तर देखरेखीखाली औषध देण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून मोजणे, देणे, निरीक्षण करणे, नोंद ठेवणे आणि प्रसंगी नकार देणे या कृतींभोवती हा विषय नव्याने रचला पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : औषधशास्त्र, पदविका शिक्षण, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा, निषिद्ध काळ, डायक्लोफेनॅक, परिभाषा.

प्रस्तावना :
पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेला हातकणंगले तालुका ऊस आणि दूध या दोन आधारांवर उभा आहे. उसाचे बिल हंगामाने येते. दुधाचे बिल मात्र ठरावीक दिवसांनी हातात पडते आणि घरखर्च त्यावर चालतो. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजे 'गोकुळ'ने, आणि शेजारच्या वारणा खोऱ्यातील सहकाराने हे अर्थकारण गावागावांत पोहोचविले. अशा भागात दुभते जनावर आजारी पडणे ही सबंध कुटुंबाची अडचण असते. त्या वेळी गोठ्यात सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती पुष्कळदा पदवीधर पशुवैद्यक नसून पदविकाधारक असते.

या पदविकाधारकाला औषधांविषयी काय आणि कसे शिकविले जाते, हा प्रश्न आपल्या शैक्षणिक चर्चेत फारसा येत नाही. पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबईत १८८६ पासून सुरू आहे, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूर येथे २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. पदवीच्या अभ्यासक्रमाची चर्चा या संस्थांमधून होत असते. पदविका मात्र पदवीची लहान आवृत्ती आहे असे गृहीत धरून तिचे औषधशास्त्र तयार होते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे. येथे कोणत्याही एका पुस्तकाचे अथवा संस्थेचे परीक्षण केलेले नसून, वर्गात आणि टिपणांत रूढ झालेल्या मांडणीची चिकित्सा केली आहे.

१. कायद्याने आखलेली जागा :
भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. त्याच कलमात पदविका अथवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या साहाय्यकांना राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची मुभा आहे. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारखे प्राथमिक उपचार त्यात येतात. महाराष्ट्रात अशा सेवांची यादी २००९ च्या अधिसूचनेने निश्चित केली. त्यापूर्वी २००७ मध्ये उदयसिंग डागर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अधिनियमाची ही चौकट उचलून धरली होती.

अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञ निदान करीत नाही, औषध लिहून देत नाही आणि शस्त्रक्रिया करीत नाही. आपल्याकडील मर्यादाही तत्त्वतः याच स्वरूपाची आहे. फरक आहे तो परिस्थितीत. तेथील तंत्रज्ञ सामान्यतः पशुवैद्यकाच्याच रुग्णालयात काम करतो. आपला पदविकाधारक औषधांची पेटी घेऊन दुचाकीवरून एकटा गोठ्यात जातो. महाराष्ट्रातील श्रेणी-२ चे पशुवैद्यकीय दवाखाने तर दीर्घकाळ पदविकाधारक कर्मचाऱ्यांच्याच भरवशावर चालत आले. कायद्यातील 'देखरेख' कागदावर आणि औषधाची सुई हातात, अशी ही स्थिती आहे. या स्थितीत औषधशास्त्राचे शिक्षण कसे असावे, याचा विचार अभ्यासक्रमाने प्रथम करावयास हवा होता.

२. यादीचे पाठांतर :
रूढ टिपणांत औषधांचे वर्ग पाडलेले असतात : प्रतिजैविके, वेदनाशामके, जंतनाशके, संप्रेरके, क्षार व जीवनसत्त्वे. प्रत्येक वर्गाखाली औषधांची नावे, पुढे रोग आणि शेवटी मात्रा. पुष्कळदा रासायनिक नावाऐवजी बाजारातील नाव दिलेले असते. विद्यार्थी ही यादी पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो.

या मांडणीत दोन विसंगती आहेत. पहिली अशी, की ती विद्यार्थ्याला नेमके तेच शिकविते जे करण्याचा त्याला अधिकार नाही. रोगाचे नाव ठरवून त्यापुढचे औषध निवडणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम होय. दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. जे काम कायद्याने आणि व्यवहाराने खरोखरच त्याच्याकडे आहे, म्हणजे सांगितलेले औषध सांगितलेल्या मात्रेत, योग्य मार्गाने, योग्य गतीने देणे आणि नंतर जनावरावर लक्ष ठेवणे, त्याविषयी ही यादी मौन बाळगते. शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन या औषधाच्या शरीरातील चार अवस्था पहिल्या प्रकरणात व्याख्यारूपाने येतात आणि पुढे त्यांचा उल्लेखही होत नाही.

३. मापाचा प्रश्न :
मात्रा 'दर किलोग्रॅम वजनास इतके मिलिग्रॅम' अशी लिहिली जाते. गोठ्यात मात्र वजनकाटा नसतो आणि सिरिंजवर मिलिग्रॅमच्या नव्हे, मिलिलिटरच्या खुणा असतात. वजनापासून मिलिग्रॅम आणि मिलिग्रॅमपासून मिलिलिटर या दोन पायऱ्या विद्यार्थ्याला स्वतः चढाव्या लागतात. यादीत त्या नसतात.

पहिली पायरी वजनाची. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, भागिले १०,८४० या सूत्राने गाईचे वजन किलोग्रॅममध्ये अंदाजता येते. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावयाची आणि लांबी खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत मोजावयाची. घेर १७० सें.मी. आणि लांबी १४० सें.मी. असलेल्या गाईचे वजन या सूत्राने सुमारे ३७३ कि.ग्रॅ. येते. तिला नजरेने 'तीनशे किलो' ठरविले तर औषध सुमारे वीस टक्के कमी जाते. जंतनाशक व प्रतिजैविक यांच्या बाबतीत अशी अपुरी मात्रा वारंवार दिली जाणे हे औषधाला न जुमानणारे जंत व जंतू वाढण्याचे एक कारण आहे. यासाठी लागते ते केवळ एक मापाची फीत आणि थोडे अंकगणित.

दुसरी पायरी औषधाच्या तीव्रतेची. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक एका बाटलीत दर मिलिलिटरमध्ये ५० मि.ग्रॅ., तर दीर्घकाल टिकणाऱ्या प्रकारात २०० मि.ग्रॅ. असते. पशुवैद्यकाने ३०० किलोच्या जनावरास दर किलोस १० मि.ग्रॅ. सांगितले, तर एकूण ३,००० मि.ग्रॅ. हवे, म्हणजे पहिल्या बाटलीतून ६० मि.ली., दुसऱ्या बाटलीतून १५ मि.ली. शिवाय दीर्घकाल टिकणाऱ्या प्रकाराची मात्रा व दोन इंजेक्शनांतील अंतर वेगळे असते, त्यामुळे एका बाटलीऐवजी दुसरी वापरणे हा केवळ गणिताचा प्रश्नही राहत नाही. नाव एकच आहे म्हणून 'नेहमीइतके' ओढणारा हात चौपट चूक करू शकतो. 'पाच टक्के' म्हणजे १०० मि.ली. मध्ये ५ ग्रॅम, अर्थात दर मिलिलिटरला ५० मि.ग्रॅ., हे रूपांतर चटकन करता येणे ही या स्तरावरील औषधशास्त्राची पहिली परीक्षा असावयास हवी. त्याऐवजी आपण औषधांचे वर्गीकरण लिहावयास सांगतो.

४. जनावर आणि त्याचा चारा :
यादीतील मात्रेपुढे 'मोठी जनावरे' आणि 'लहान जनावरे' असे दोनच भेद पुष्कळदा आढळतात. हा भेद आकाराचा आहे, शरीरक्रियेचा नव्हे. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. घोड्याला शिरेतून दर किलोस सुमारे १.१ मि.ग्रॅ. लागणारे हे औषध गाईला त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात पुरते. दोन्ही 'मोठी जनावरे' आहेत. एकाची मात्रा दुसऱ्याला दिली तर गाय जिवाला मुकू शकते. तापावर माणसाला सर्रास दिले जाणारे पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला नीट हाताळता येत नाही आणि ते त्याच्यासाठी विष ठरते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराला तोंडावाटे प्रतिजैविक दिल्यास कोठीपोटातील उपयुक्त सूक्ष्मजीवांवरच ते प्रथम आघात करते. ही उदाहरणे 'चयापचय' या शब्दाखाली शिकविली तर तो शब्द विद्यार्थ्याच्या लक्षात राहील.

हातकणंगले परिसरात याला चाऱ्याची बाजूही आहे. गळीत हंगामात येथील जनावरांच्या पुढ्यात उसाचे वाढे पडते. वाढ्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असते. ते चाऱ्यातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा क्षार बनते आणि ते कॅल्शियम जनावराच्या उपयोगी पडत नाही. व्याल्यानंतर दुधावाटे कॅल्शियमचा मोठा निचरा होऊ लागला की अशी गाय किंवा म्हैस खाली बसते. मग शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट दिले जाते आणि थोड्या वेळात जनावर उठून उभे राहते. गोठ्यातील सर्वांना हा चमत्कार वाटतो आणि त्यामुळेच या औषधाची भीती राहत नाही. वस्तुतः तेच कॅल्शियम वेगाने गेले तर हृदयाचा ठोका अनियमित होऊन जनावर जागच्या जागी दगावते. तीव्र कासदाहासारख्या आजारात शरीरात विष भिनलेले असेल तर हा धोका अधिक. बाटली शरीराच्या तापमानाइतकी कोमट करणे, ती फार उंच न धरणे, स्टेथोस्कोपने ठोके ऐकत राहणे आणि ते बदलताच धार थांबविणे, हेच येथे औषधशास्त्र होय. यादीत मात्र 'दुग्धज्वर : कॅल्शियम : ४५० मि.ली.' एवढीच ओळ असते. देण्याची गती हाही मात्रेचा भाग आहे, हे त्या ओळीतून कळत नाही. आणि वाढ्याच्या जोडीला चाऱ्यात काय द्यावे, हे सांगणे पदविकाधारकाच्या अधिकारात पूर्णपणे बसते, हेही कळत नाही.

५. दुधात उतरणारे औषध :
औषध जनावराच्या शरीरातून कोठे जाते, या प्रश्नाला कोल्हापूरइतके थेट उत्तर क्वचितच दुसरीकडे मिळेल. म्हैस समोर उभी करून काढलेले धारोष्ण दूध तेथल्या तेथे पिण्याची या शहराची जुनी रीत आहे. गंगावेशीतील दूध कट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे. कास आणि पेला यांच्यामध्ये येथे कोणतीही प्रयोगशाळा नसते. आदल्या संध्याकाळी कासेत सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंश सकाळच्या पेल्यात असू शकतो. दूध तापविले तरी बऱ्याच प्रतिजैविकांचा अंश पूर्णपणे नष्ट होत नाही. गावातील संकलन केंद्रावर फॅट आणि एस.एन.एफ. मोजले जातात, या मोजणीत औषधाचा अंश दिसत नाही. घरातील बाईला मात्र तो कधी कधी दुसऱ्या वाटेने कळतो : विरजण लावूनही दही लागत नाही, कारण दुधातील औषध विरजणाचे जिवाणू वाढू देत नाही.

यासाठी औषध दिल्यानंतर ठरावीक काळ दूध अथवा मांस माणसाच्या आहारात येऊ न देणे, म्हणजे निषिद्ध काळ पाळणे, हा उपाय आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अन्नोपयोगी जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर हा काळ छापणे बंधनकारक झाले. त्या औषधासाठी तो निश्चित केलेला नसेल तेथे दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असा तो नियम आहे. रोज दहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीच्या मालकाला ७ दिवस म्हणजे सत्तर लिटर दुधावर पाणी सोडावे लागते. सुई टोचून झाल्यावर ही गोष्ट सांगितली तर तो ऐकणार नाही. आधी सांगितली तर कदाचित दुसऱ्या, काहीच न सांगणाऱ्या माणसाला बोलावील. पदविकाधारकाची खरी कसोटी या क्षणी लागते. औषधाचा शरीरातील अर्धायुकाल समजलेला विद्यार्थी निदान कारण तरी सांगू शकेल. 'निषिद्ध काळ म्हणजे काय?' हा दोन गुणांचा प्रश्न सोडविलेला विद्यार्थी ते सांगू शकणार नाही.

६. मृत जनावरापर्यंतचा प्रवास :
औषधाचा प्रवास दुधावरही थांबत नाही. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटू लागली. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून कारण दाखवून दिले : जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईच्या डुंगरवाडीवरील पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकांची पद्धतही यामुळे अडचणीत आली.

२००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचे आदेश निघाले, २००८ मध्ये अधिसूचनेने बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मि.ली. च्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित केले गेले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांच्या पशुवापरावर बंदी आली. गिधाडांना सुरक्षित आढळलेले मेलोक्सिकॅम हा पर्याय उपलब्ध होताच.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. तत्त्वे शिकलेल्या पदविकाधारकाला हा धोका आधीच कळला असता, असे मुळीच नाही. तो मोठमोठ्या तज्ज्ञांनाही कळला नव्हता. परंतु बंदीनंतरही औषध गोठ्यात येत राहिले, ते शेवटच्या हातामुळे. ज्याने यादी पाठ केली, त्याच्या दृष्टीने बंदी म्हणजे यादीतील एक नाव खोडणे; स्वस्त आणि सवयीचे औषध समोर असताना ते नाव पुन्हा लिहिणे अवघड नसते. औषध जनावराबरोबर संपत नाही हे ज्याला उमगले आहे, त्याच्याकडे नकार देण्याचे कारण असते.

७. परिभाषेचा प्रश्न :
मराठीत या विषयाची परिभाषा नाही असे म्हणता येणार नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने औषधशास्त्र परिभाषा कोश प्रसिद्ध केलेला आहे. अडचण अशी की कोशातील शब्द आणि गोठ्यातील शब्द यांची गाठ वर्गात कोणी घालून देत नाही. शेतकरी 'जास्त पॉवरचे इंजेक्शन' मागतो. या 'पॉवर'मध्ये द्रावणाची तीव्रता, औषधाची परिणामकारकता आणि त्याची किंमत अशा तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. 'औषध गरम पडले' या तक्रारीत कधी अ‍ॅलर्जी असते, कधी पोटाचा दाह, तर कधी केवळ मूळ आजार वाढलेला असतो. विद्यार्थ्याने हे शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. प्रश्न विचारून त्यांतील नेमका अर्थ सोडवून घ्यावा.

काही वेळा रूढ शास्त्रीय शब्दच दिशाभूल करतो. 'दुग्धज्वरा'त ज्वर नसतो. उलट शरीराचे तापमान बहुधा उतरलेले असते. केवळ नावावरून तापाचे औषध भरणारा आणि थर्मामीटर न लावणारा विद्यार्थी ही त्या शब्दाची आणि तो न उलगडता शिकविणाऱ्या अध्यापनाची संयुक्त निर्मिती आहे.

८. एक आक्षेप :
पदविकाधारकाला औषधशास्त्र सखोल शिकविले तर तो मर्यादा ओलांडून स्वतंत्र व्यवसाय करू लागेल, असा आक्षेप घेतला जातो. पशुवैद्यकांची ही काळजी अनाठायी नाही. मात्र मर्यादा ओलांडण्याचे साहित्य आजच्या यादीनेच पुरविले आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. रोगापुढे औषध लिहिलेली यादी खिशात असलेल्या माणसाला आपण उपचार करू शकतो असे वाटते. याउलट, त्याच आजारात कॅल्शियमने एक जनावर उठते आणि दुसरे दगावते, हे ज्याला शिकविले आहे, तो फोन करून पशुवैद्यकाला विचारील. अज्ञानाने कोणी संयमी झाल्याचे दिसत नाही. शिवाय सखोल शिकविणे म्हणजे अधिक औषधे शिकविणे नव्हे. औषधे कमी करून प्रत्येकाचा प्रवास पूर्ण शिकविणे, असा त्याचा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

निष्कर्ष :
१) पदविका स्तरावरील औषधशास्त्र हे पदवीच्या अभ्यासक्रमाचे संक्षिप्त रूप नसून स्वतंत्र उद्दिष्टाचा विषय मानला जावा. औषध निवडणे नव्हे, तर औषध अचूक व सुरक्षितपणे देणे हे ते उद्दिष्ट होय.
२) वजनाचा अंदाज, टक्केवारीचे रूपांतर आणि मिलिलिटरचे गणित यांची प्रात्यक्षिक परीक्षा प्रत्यक्ष बाटली, सिरिंज आणि मापाची फीत हातात देऊन घेतली जावी.
३) प्रत्येक औषधाच्या नोंदीत मात्रेइतकेच स्थान देण्याचा मार्ग, गती, धोक्याची लक्षणे आणि निषिद्ध काळ यांना मिळावे, नाव रासायनिक असावे.
४) स्थानिक चारा, स्थानिक दूधव्यवहार आणि शेतकऱ्याची बोली यांतून उदाहरणे घ्यावीत. हातकणंगल्याच्या विद्यार्थ्याला उसाच्या वाढ्यापासून कॅल्शियमपर्यंत नेता येते. त्यासाठी परदेशी पुस्तकातील कुरण आणावे लागत नाही.
५) पशुवैद्यकाला केव्हा बोलवावे आणि शेतकऱ्याला केव्हा नकार द्यावा, हे अभ्यासक्रमाचे स्वतंत्र प्रकरण असावे.

या सूचनांपैकी एकीलाही मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न बदलला तरी आरंभ होऊ शकतो. 'कासदाहावरील औषधांची नावे लिहा' याऐवजी 'कासदाहावर पशुवैद्यकाने सांगितलेले औषध देण्यापूर्वी म्हशीच्या मालकाला तुम्ही काय सांगाल?' असे विचारावे. उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थ्याला हा विषय कितपत समजला हे कळेलच. आपण तो कसा शिकविला, हेही त्यातून कळेल.